शेवटची तारीख गुरुवार

सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये
सोळा अंशांवर माझी सकाळ उघडते.
जून लागला तरी बाहेर बेचाळीस.
अशा दिवसांत स्वेटर घेऊन कामाला जाणारी
आमच्या गल्लीत मी एकटीच.

बी.एस्सी. केमिस्ट्री, पगार चौदा हजार,
काम: आकडे लिहिणे.
इथिलीन किती, ओल किती, दार कधी उघडलं.
केळी हिरवी येतात, पाचव्या दिवशी पिवळी होऊन
खंडव्याला, इंदूरला जातात.
मी वही मिटते.

दाजींनी पेट्रोलच्या पावतीमागे हिशेब मांडला:
दोन वर्षांची फी, अधिक बसचा पास,
अधिक बुडालेले चोवीस पगार.
बेरीज बरोबर होती, मी दोनदा तपासली.
खाली त्यांनी रेघ मारली
आणि रेघेखाली काहीच लिहिलं नाही.
सभ्य माणूस.

मावशी तेवढी सभ्य नाही.
'तुले काय कमी हाये वं इथं?
जास्त शिकशीन, तं पोरगा बी तितलाच शिकेल पाहा लागीन.'

मग फैजपूरला गेले, अत्तरदे सरांकडे.
एम.एस्सी., सेट, पीएच.डी.,
आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर.
मार्चचे पैसे अजून यायचेत.
नळाखाली स्वतःच ब्युरेट धूत होते,
लॅबमधल्या शिपायाची जागाही रिकामीच.
वाटलं, नको म्हणतील.
त्यांनी फ्लास्क हातात दिला.
थेंब, थेंब, थेंब, काही नाही,
मग एका थेंबाने सगळं गुलाबी.
'का होतं हे, आठवतं?'
अर्धंच आठवलं.
सल्ला काही दिला नाही सरांनी,
म्हणाले, रावेरची गाडी साडेपाचला आहे, चुकवू नकोस.

खरं सांगायचं तर दाजींच्या कागदावर
चार नंबरचं चेंबर नव्हतं.
तिथे मागच्या कोपऱ्यातली चार क्रेट
दर खेपेला हिरवीच राहतात.
तोच वायू, तेच अंश, मी मोजलंय,
पंख्याचं तोंड फिरवून पाहिलं,
क्रेट अदलूनबदलून पाहिली.
झांबरे भाऊ म्हणतात, राहू दे, तेवढी घट धरलेलीच असते.
हलीमा तडवी क्रेट उचलता उचलता म्हणते,
त्यांना पिकायचंच नसेल.
ती हसते.
मला तीन महिने झाले,
रात्री पाठ टेकली की तो कोपरा दिसतो.

ह्याचे किती लावायचे, दाजी?

बुधवारी कामावरून थेट बोंडे फोटो स्टुडिओत.
'ताई, स्वेटर,' तो म्हणाला,
मी अंगातून काढायलाच विसरले होते.
फॉर्मला दोन फोटो लागतात,
तो आठांखाली देत नाही.

दोन चिकटवलेत, डिंक अजून ओला आहे.
सहा उरलेत.
मावशीने एक मागून ठेवलाय,
कशाला, ते मी विचारलं नाही.