नातं : मुलगा

पहिल्या बँकेत पंखा होता, माणूस नव्हता.
दुसरीत माणूस होता. म्हणाला, बेसो बेन,
मुलाचं नाव काय, कुठलं कॉलेज?
मी म्हटलं, मुलाचं नाही. माझं.
त्यानं चष्मा वर केला, मग खाली केला,
मग माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

एकोणीस वर्षं मी दांडिया बाजारच्या लॅबमध्ये रक्त काढते.
अर्ध्या रावपुऱ्याची साखर मला तोंडपाठ आहे.
कुणाची शीर कोपरात लपते, कोण सुई पाहून हसतं,
कोण उपाशीपोटी सांगतं आणि चहा पिऊन येतं,
हे कुठल्याच पदवीत शिकवत नाहीत.
पण रिपोर्टखाली सही पदवीवाल्याची लागते.
ती आता चोवीस वर्षांची क्रिशा करते,
"आंटी, हे प्लेटलेट बघता का जरा?" असं विचारून.
मी बघते. ती सही करते.

तर, दोन वर्षांचा कोर्स. एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
पतपेढीतले काका म्हणाले, सोनं ठेवा.
सोनं ह्यांच्या डायलिसिसमध्ये गेलं ते काकांना ठाऊक होतं,
तरी म्हणाले.
ज्ञातीच्या ट्रस्टला होतकरू हवे होते, पंचविशीच्या आतले.
जाऊबाई म्हणाल्या, आता शिकून तू जाणार कुठे?
कुठे नाही. तिथेच.
फक्त खुर्ची बदलेल.

मार्कशीटवर वैजयंती दत्ताजी माने.
आधारवर वैजयंती शिर्के.
मॅनेजर म्हणाला, या दोघी एकच, याचा पुरावा आणा.
जुन्या न्यायमंदिरापाशी, छत्रीखाली, एका नोटरीनं
विडा गालात सरकवून टाइप करवलं :
वर नमूद केलेल्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.
शिक्क्याची शाई ओली होती, म्हणून सूरसागरपर्यंत
कागद दोन्ही हातांवर आडवा धरून चालले.
तळ्यातल्या महादेवाला वाटलं असेल, ही आरतीचं तबक घेऊन आली.
एकच आहे.
लग्नाला सत्तावीस वर्षं होऊन गेली,
हे मला कोणी लेखी दिलं नव्हतं.

विश्वामित्रीच्या पुलावरून स्कूटर नेताना
खाली काठावर मगर पडली होती, जबडा उघडा टाकून.
उपमा हाताशी होती. घेतली नाही.
साडेदहा टक्के म्हणजे साडेदहा टक्के.

मग उरला तो रकाना.
छापलेलं होतं : पालकाची सही.
"आई-वडील?"
दोघंही गेले.
"पती?"
तेही.
निहार शेजारी बसला होता, हेल्मेट मांडीवर,
मकरपुऱ्याच्या कारखान्यात लागून अकरा महिने झालेला.
त्याच्या डिप्लोमाच्या कर्जाला जामीन मी आहे,
तीन हप्ते अजून बाकी.
तो म्हणाला, मी करतो.
मॅनेजरनं कॉम्प्युटरला विचारलं, चालेल का.
कॉम्प्युटरनं बराच वेळ घेतला.
चालेल म्हणाला.

'नातं'पुढे निहारनं लिहिलं : मुलगा.
वरचं 'पालक' खोडायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आणि पेन कागदावर टेकवून तो थांबला.
अंगठ्याचं नख पांढरं पडलेलं. ओळखते मी ते,
सकाळी सात ते अकरा दुसरं काय बघते?
तोंडून सवयीनं निघून गेलं :
मूठ वळ. तिकडे नको, माझ्याकडे बघ.
आता सोड.

सोडली त्यानं. सही झाली, तिरकी,
शेवटचं अक्षर रकान्याबाहेर.

शेवटचा हप्ता फिटेल तेव्हा मी चौपन्न.
बाहेर झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपये सुटे नव्हते,
त्यानं चॉकलेट पुढे केलं, निहारकडे.
निहार म्हणाला, मला नको.
विद्यार्थिनीला द्या.