छातीच्या उंचीवर

सोमवार-मंगळवार मी एल्डनचा,
बुधवारपासून मार्श फोर्कचा.
टोपी बदलते, टेप तीच.
दोन्ही गावांना मिळून
एकच झाडतपासनीस परवडतो;
नियम मात्र ज्याचे त्याचे.

झाड मोजायचं जमिनीपासून साडेचार फुटांवर.
तिला छातीची उंची म्हणतात.
कुणाची छाती, ते पुस्तकात नाही.
माझ्या काखेशी येते,
डॉर्थिया लिंडक्विस्टच्या हनुवटीला लागते.

एल्डनमध्ये सहा इंचांना झाड सज्ञान होतं.
मग अर्ज, नकाशा, एकशे दहा डॉलर,
चौदा दिवस बुंध्यावर पिवळी नोटीस,
येणाऱ्या-जाणाऱ्याला हरकत घेण्याची मुभा,
आणि मिळालीच परवानगी, तर
एकाच्या जागी तीन लावायची.

तारेच्या कुंपणापलीकडे, मार्श फोर्कमध्ये,
परसातलं झाड म्हणजे परसातली खुर्ची.
रुफिनो बाल्टझारने एका शनिवारी
पाच फर आडवे केले, जेवायच्या आत.
डॉर्थिया खिडकीत उभी राहून मोजत होती.
सोमवारी आठ वाजता तिचा फोन:
“माझ्या एकाच झाडाने
तिसऱ्यांदा सांडपाण्याचा पाइप फोडलाय.
मी कुंपणाच्या चुकीच्या बाजूला
म्हातारी झाले, एवढंच ना?”

अडतीस इंच भरला तिचा फर.
मी आकडा लिहिला. ‘कोणतं शहर’ या चौकटीशी
पेन थांबलं.
कारण कुंपण कुणीतरी सोयीने घातलेलं,
आणि त्रेपन्न सालच्या खरेदीखतात लिहिलेलं:
हद्दीची लोखंडी खुंटी,
फरच्या रोपापासून एक फूट पूर्वेला.

यंत्र फिरवलं. ते बुंध्यापाशीच किंचाळलं.
खुंटी आत होती.
कुंपणाने शेत खाल्ल्याचं ऐकलं होतं,
इथे झाडाने हद्द गिळली होती,
सत्तर वर्षं, घाई न करता.

मग बैठका. दोन्हीकडचे वकील,
दोन्हीकडची कॉफी सारखीच वाईट.
मार्श फोर्कचं म्हणणं, आमच्या अर्ध्याला आमची हरकत नाही.
एल्डनचं म्हणणं, आमच्या अर्ध्याचा अर्ज अपुरा आहे.
एक घाव दोन तुकडे म्हणतात,
पण असा घाव कुठल्या करवतीला येतो,
जो अर्ध्या झाडाला लागेल
आणि उरलेल्याला कळणारही नाही?

मी बोललो नाही. माझं काम आकड्याचं.
बोलायचं असतं, तर एल्डनच्या हेझल गल्लीबद्दल बोललो असतो.
तिथे प्रत्येक अंगणात झाड आहे
आणि एकही सहा इंचांचं नाही.
पाच-सव्वापाचला लोक टेप घेऊन बाहेर येतात,
आणि पुढच्या शनिवारी तिथे नवीन रोप असतं.
कायद्याने तिथली झाडं वाचवली,
फक्त त्यांना मोठं होऊ दिलं नाही.

ऑक्टोबरात पुन्हा गेलो. मंगळवार होता.
नोटीस पावसाने पांढरी पडलेली.
डॉर्थिया मला कुंपणाशी घेऊन गेली.
पलीकडे रुफिनोने कापलेल्या पाचांपैकी
एका खोडाच्या कडेने
नवी साल चढत होती, जखमेवर खपली चढावी तशी.
ना फांदी, ना एक पान.
तरी ते जिवंत होतं.

रुफिनोही आला, हातात कॉफीचा मग.
“मी ते मुळासकट काढणार होतो,” म्हणाला,
“पण आता कसं काढू?”
मी त्यांना सांगितलं ते मला माहीत होतं तेवढंच,
की फरची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळतात,
आणि पलीकडच्या खोडाला
अलीकडचं झाड पोसत असावं,
बहुधा त्या शनिवारपासून.

डॉर्थिया बराच वेळ गप्प.
मग, “आणि माझं पाडलं, तर?”
अर्जात याला चौकट नव्हती.
“हे दोन झाडं धरायचं की एक?
आणि कुणाच्या नियमात?”

मी टोपी काढून डोकं खाजवलं.
म्हणालो, आज मी एल्डनचा.
उद्या विचारा.