नमुना क्रमांक सत्त्याऐंशी

तरोटा कुणी लावत नाही.
अजनी यार्डाची भिंत, हिंगणा रोडचा दुभाजक,
फुटाळ्यामागचा उतार, पांढराबोडीचा उकिरडा
असा तो आपला आपण येतो,
आणि भाद्रपद सरता सरता कमरेला लागतो.

मी तो मोजते.
कोवळा नाही, कोवळा लोक खातात.
शेंगा धरल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात,
व्हर्नियर, जुने पेपर
आणि अकराच्या आत संपणारी पाण्याची बाटली घेऊन.
शेंगेची लांबी, शेंगेचा बाक, देठ मिलिमीटरमध्ये,
पानाच्या दांड्यावर तिळाहून लहान नारिंगी ग्रंथी:
एक की दोन?
सतरा लक्षणं, एकशे बारा झाडं.

जुनी पुस्तकं म्हणतात, जात एकच.
नंतरची म्हणतात, दोन:
एकीचा देठ आखूड, ग्रंथी दोन,
दुसरीचा देठ लांब, ग्रंथी एक.
पांढराबोडीच्या एका झुडपाला दोन्ही मान्य होतं,
खालच्या फांदीला एक पुस्तक, वरच्या फांदीला दुसरं.

गोकुळपेठेच्या बाजारात अनसूयाबाई नेवारेंनी
माझी वही उलटी धरून पाहिली.
"हा खायाचा. आन हा ढोरंबी सुंगत नाई."
कसं ओळखता?
त्यांनी पान चुरगळलं, माझ्या नाकाशी धरलं.
"तुह्या त्या पान्यानं वास मोजता येते काय वो?"
मी अठरावा रकाना आखला: वास.
उग्र, मध्यम, सौम्य असं लिहिलं.
रात्री खोडलं.
रकाना तेवढा राहिला.

संगणकानं सगळी झाडं ठिपके करून टाकली.
डावीकडे एक ढग, उजवीकडे एक,
आणि मधल्या मोकळ्या जागेत, कुणाशी न बोलता,
सत्त्याऐंशी.
देठ लांब, ग्रंथी दोन, शेंग विळ्यासारखी.
सर म्हणाले, काढून टाका,
आलेख स्वच्छ दिसेल.

त्याच आठवड्यात धाकटीच्या दाखल्यासाठी
पडताळणी समितीनं बाबांना बोलावलं.
बाबा खुर्चीच्या टोकावर बसले,
मागावर बसायचे तसे, पाय मोकळे ठेवून.
तुमच्यात लग्नात देवक काय?
मयताला काय करता?
कोणता देव, कोणती गाणी, घरात कोणती बोली?
पणजोबांच्या शाळेच्या कागदावर धंद्याचं नाव आहे,
जातीचं का नाही?
बाबांनी काही सांगितलं, काही आठवेना,
एक गाणं अर्धंच म्हटलं.
समोरचा रकाने भरत होता.
अक्षर सुंदर होतं त्याचं.
उलटं असूनही मला वाचता आलं:
जुळत नाही.

स्कूटरवर मागे बसून, मेडिकल चौकाच्या सिग्नलला
बाबांनी विचारलं,
"तुह्या झाडाइले बी असंच इचारतेत का?"
मी म्हटलं, झाडं बोलत नाहीत बाबा.
"बरं हाय त्याइचं," ते म्हणाले,
आणि सिग्नल सुटला.

दुसऱ्या दिवशी भिंतीशी गेले
तर महापालिकेनं सगळं छाटून नेलेलं.
मातीत शेंगा तडकून पडलेल्या,
तपकिरी, चौकटीच्या काचेसारख्या कोनदार बिया.
मोजून साठ उचलल्या.
गच्चीवर नऊ कुंड्या आहेत,
बाबा पाणी घालतात,
रोज विचारतात, आला का, आणि कोनावर गेला.

हर्बेरियममध्ये डांबरगोळ्यांच्या वासात
मी सत्त्याऐंशीला कागदावर शिवलं.
बाबांनी दिलेला रेशमाचा दोरा वापरला, नियमात पांढराच बसतो,
हा किंचित पिवळा आहे.
ठिकाण: अजनी यार्ड, भिंतीची पूर्व बाजू.
उंची: एकाण्णव सेंटिमीटर.
गोळा करणार: सुरेखा नथ्थूजी हेडाऊ.
जात:
इथं पेन खाली ठेवलं,
पेन्सिल शोधली.
टोक मोडलेलं होतं.

कपाट लावताना
डांबरगोळ्यांवर मात करून
अठरावा रकाना आला नाकाशी.