डावीकडे तीन बोटं

मुकादम चाचांनी टेप काढलीच नाही.
चाकाच्या माथ्यावर, मडगार्डच्या कमानीखाली
आडवी बोटं घातली.
उजवीकडे चार गेली, वर थोडी हवा.
डावीकडे तीन,
आणि करंगळी अडकली.

"इकडे कोण बसतं?"

आई बसते.
एकोणीस वर्षं.
शशिकला मोटार ट्रेनिंग स्कूल, टागोर नगर, विक्रोळी,
टपावर पत्र्याची पाटी, तिचा रंग दोनदा दिलेला.
उजवीकडे माणसं बदलत राहिली,
रात्रपाळीची नर्स, भाजीवाल्या गुप्तांची सून,
बँकेतून सुटल्यावर हौस आलेले रेगे,
एक मुलगी तर गांधीनगरच्या सिग्नललाच
रडून उतरली, फी परत न मागता.
डावीकडे ही एकटी.
पायाखाली जास्तीचा क्लच, जास्तीचा ब्रेक,
आणि दुसऱ्याची भीती रोज आठ तास.

मी आधी हवा तपासली होती.
मग पालिकेला शिव्या दिल्या.
मग म्हटलं, शॉकअप गेले असतील.
चाचांनी बॉनेटवर दोन्ही तळवे टेकले,
गाडी दाबली, सोडली.
ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर,
नाही म्हणता म्हणता हो म्हणणाऱ्या माणसासारखी.
"शॉकअप गेलेत, ते खरं.
पण शॉकअप उंची धरत नाही, बेटा,
तो नुसतं डोलणं थांबवतो.
वजन स्प्रिंग घेते."

दुपारपर्यंत सगळं बाहेर आलं.
वरचं रबर टाचेसारखं भेगाळलेलं,
बुशचा बोटांवर काळा भुगा,
टायर आतल्या अंगानं खाल्लेला,
जिथे रोज पुसणाऱ्याचंही लक्ष जात नाही.
रात्री डावा दिवा गटाराकडे का बघायचा
तेही कळलं.

गोणपाटावर चाचांनी दोघी शेजारी उभ्या केल्या,
नवी स्प्रिंग आणि जुनी.
जुनी बोटभर बुटकी.
मी फिरवून फिरवून चीर शोधली.
कुठेच तुटली नव्हती.
एकदाही कर्रकन आवाज करून
सांगितलं नव्हतं तिनं, की आता नाही होत.

"उजवी राहू दे ना," मी म्हटलं,
खिशातल्या खिशात नोटा मोजत.
"जोडीनंच बदलायची.
नाहीतर उद्या दुसऱ्या अंगाला कलंडेल,
मग परत माझ्याकडेच येशील."
म्हटलं, जुन्या द्या मला.
का मागितल्या ते विचारलं नाही त्यांनी.
वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकल्या.

संध्याकाळी आई खाली आली.
गाडीभोवती एक फेरी घातली,
शेजारणीच्या अंगावर नवी साडी बघावी तशी.
"वाढली का रे ही?"
पाय नेहमीपेक्षा उंच टाकावा लागला,
गुडघा धरून आत बसली,
आणि बसल्या बसल्या चुकली.
तिच्या आरशात मागचा रस्ताच नाही,
नुसती समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी.
खिडकीतून फूटपाथची कड
रोजच्या जागी दिसेना.
एकोणीस वर्षं ती त्या कडेवरून अंतर सांगायची,
अजून एक वीत, अजून चार बोटं, बस.
आज गप्प.
मग आरसा हातानं खाली केला.
"चल. हाफ क्लचवर सोड."
मला. अजूनही.

शाळेसमोरचा तो स्पीडब्रेकर आला,
दर खेपेला पोट घासणारा.
मी दुसऱ्या गिअरवर.
बाजूला बघितलं तर आईनं
खिडकीवरची कडी घट्ट धरलेली,
पाय टेकवून सीटवरून अंग उचललेलं,
तेवढाच तिला भार कमी.

पुढची चाकं गेली.
मागची गेली.
आवाज आला नाही.

आई तशीच अधांतरी राहिली,
पार दूधकेंद्रापर्यंत.