शनिवारचं धुणं

प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड
या आठवड्यात माझ्याकडे.
शिवाय रूबेनचे चिखलाने माखलेले मोजे,
पन्हाळीत तुंबलेली पानं, फोडणीला टाकलेली डाळ.

हडर्सफील्डचं आभाळ तीनपर्यंत थांबलं,
मग नाही.
धावत जाऊन आधी ते कापड काढलं,
आमच्या चादरी राहिल्या भिजत.

इस्त्री करताना दिसला
कोपऱ्यात हळदीचा ठिपका.
साबण लावला तर लालच झाला.
आई म्हणायची, हळद उन्हातच जाते.
ऊन कुठून आणू
रात्री अकराला?

सकाळी डोरीनबाईंनी कापड अंथरलं.
त्यांचं बोट ठिपक्याशी जरा थांबलं,
मग मेणबत्ती दोन इंच सरकवली.
"पुढच्या रविवारी चहाची पाळी घेशील?"

हो म्हटलं.
चादरी अजून दोरीवरच.