घशाचं माप

ह्यूरन सरोवरावरचं बर्फ यंदा एप्रिलच्या सव्वीसला फुटलं
आणि सत्तावीसला माझं इंजिन खोकून बसलं.
एक्कावन्न सालचं, सहा सिलिंडरचं,
बोटीच्या ऐन मध्यात पाट मांडून बसलेलं धूड.
त्याच्यामागे बाकावर टपालाच्या पिशव्या.
आठ बेटं. एकोणीस धक्के.

कार्बोरेटर उतरवून स्वयंपाकाच्या टेबलावर घेतला.
पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला:
आत पेट्रोल डुचमळलं.
तरंगायचं ज्याचं काम
तोच आतून भरला होता.
बुडाची बैठकही वाकलेली, पट्टी धरली की खालून उजेड दिसे.
डाग देऊन, घासून आणखी एक मोसम काढता आला असता.
हे मी गेले चार मोसम म्हणते आहे.

संध्याकाळी भाचा आला, डॅरेल,
भंगारातल्या ट्रकचा कार्बोरेटर घेऊन. ऐंशी डॉलर.
"मावशी, बघ, बोल्टची भोकं हुबेहूब!"
खरंच हुबेहूब. गपकन बसला असता.
भोकं जुळली की लग्न जुळलं
असं वाटायचंच त्याचं वय आहे.

मी म्हटलं, ट्रकखाली रस्ता असतो.
ओघळलं पेट्रोल तर रस्त्यावर जातं, वाऱ्यावर जातं.
बोटीखाली कुठे जाणार?
वाफ हवेहून जड, ती तळाशी उतरते
आणि जप्तीवाल्यासारखी ठाण मांडते
एका ठिणगीची वाट बघत.
म्हणून बोटीचा कार्बोरेटर उतू गेला
तरी आपलं आपणच गिळतो, बाहेर थुंकत नाही.
दिसायला दोघे जुळे. फरक एका वळणाचा,
ओठाशी.

त्याला पटेना. मग त्याला ओन्नी लाक्सोकडे नेलं.
ओन्नीनं त्र्याऐंशी साली असेच पैसे वाचवले होते.
तो वाचला, बोट नाही.
भुवया पुन्हा उगवल्याच नाहीत,
तेव्हापासून कुठल्याच बातमीनं तो चकित होत नाही,
निदान तसं दिसत नाही.
त्यानं डॅरेलचा कार्बोरेटर हातात घेतला, उलटा केला,
परत दिला
आणि कॉफी ओतायला उठला.

उरले दोन.
एक कोरा करकरीत, विजेच्या चोकचा, घसा जरा मोठा.
विकणारा फोनवर म्हणाला, बाई, ताशी चार मैल जास्त मिळतील.
चार मैल जास्त घेऊन मी कुठे जाऊ?
एकोणीस धक्के होते तिथेच आहेत.
मोठ्या घशाला घोट घोट पिता येत नाही,
हळू चालायची वेळ आली की ठसका लागतो.
आणि माझं सगळं काम हळू चालण्यातच:
धक्का हातभर अंतरावर,
ऐंशीची कुणी बाई वाकून पाकीट घेते,
तेवढा वेळ इंजिनानं मरायचं नाही
आणि ओरडायचंही नाही.

दुसरा ओहायोतल्या एका म्हाताऱ्याकडचा,
जुन्याच जातीचा, खोलून नवा केलेला. साडेसहाशे.
वर अट: जुना त्याला पाठवायचा,
अख्खा, एक स्क्रूही कमी नको.
मी फ्लोट ठेवून घेतला.
त्यानं पंचवीस डॉलर जास्त लावले.
काय करणार आहे त्याचं? माहीत नाही.
खिडकीत ठेवलाय.

मेच्या सातला बसवला.
गॅस्केट नवं, ज्वाळेची जाळी घासलेली,
पंखा चार मिनिटं, घड्याळ लावून.
मग झाकण उघडून, गुडघे टेकून तळाचा वास घेतला.
त्यालाही यंत्र मिळतं म्हणे. माझं नाक पगार घेत नाही.

किल्ली फिरवली. नाही.
चोक अर्धा आत ढकलला.
मग ते लागलं, आधी तीन सिलिंडरवर,
कुरकुरत,
मग सहाही.

पहिल्या धक्क्यावर मार्गिट बोमगार्ड
सपाता घालूनच उभी होती.
"नऊ दिवस उशीर," ती म्हणाली.
तिचा आवाज मुळातच बारीक.
"हो," मी म्हटलं.
इंजिन चालूच होतं.