पहिलं पान

डॉक्टर कातडी बघतात. मी पहिलं पान.
जन्मतारीख, लिंग, वंश, पिनकोड,
विवाहित की नाही,
विमा कुणाचा.
कॉर्पस क्रिस्टीच्या या दवाखान्यात
अकरा वर्षं काउंटरच्या अलीकडे बसते आहे,
आणि फुशारकी नाही मारत,
पण समोरच्याने पेन खाली ठेवेपर्यंत
बिलाचा आकडा मला साधारण कळलेला असतो.

डेल्बर्ट ह्रुस्का. छपरं घालणारा.
चाळीस उन्हाळे डांबरी कौलांवर ओणवा,
पाठीवर सूर्य, खालून पुन्हा त्याचीच वाफ.
वय चौसष्ट वर्षं चार महिने.
पासष्ट पुरी झाली की सरकारी विमा,
हे त्यालाही पाठ होतं, मलाही.
"तोवर थांबलं तर?"
मी म्हणाले, डॉक्टरांना विचारा.
डॉक्टर म्हणाले, थांबू नका.
तो थांबला.

त्या आठ महिन्यांत
मिसेस ॲशकोम चार वेळा येऊन गेल्या.
वय ब्याऐंशी, सरकारी विमा, त्यावर आणखी एक विमा,
नाकावर मोत्याएवढी गाठ,
ती गेली तर कपाळावर दुसरी.
कातडी सर्व्हिसिंगला टाकते गं, म्हणायच्या,
आणि जाताना बशीतली दोन चॉकलेटं उचलायच्या.
त्यांच्या वाट्याला आलेल्या बिलात
फार तर तिसरं चॉकलेट आलं असतं.

ओफेलिया त्रेविन्यो, एकेचाळीस.
समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी बदलते.
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ.
पलंग लागला असेल, मुकादम म्हणाली.
मार असेल, पहिला डॉक्टर म्हणाला, दुसराही.
आमच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्ये
सगळे तीळ गुलाबी पाठींवर आहेत.
ती त्याच्याखालीच बसली होती, चप्पल हातात घेऊन,
दोन वर्षं उशिरा.
त्या दोन वर्षांना फॉर्मवर रकाना नाही.
बिलात मात्र त्या असतात,
ओळीओळीने.

डेल्बर्ट वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी
सकाळी आठच्या आधी दारात,
खिशात कोरं कार्ड,
पहिल्यांदाच पास झालेल्या पोरासारखा हसत.
तोवर काखेत गाठ आली होती.
जे काढायला आधी घराचा एखादा हप्ता गेला असता
त्याला आता घर लागलं असतं.
कार्डाने पुष्कळ भरलं.
उरलं तेही पुष्कळ होतं.

नवी होते तेव्हा विचारलं होतं मी,
कातडीच्या दवाखान्यात लग्नाची चौकशी कशाला?
कुणी नीट सांगितलं नाही.
मग बघत गेले. बायकोने ढकलत आणलेले नवरे
लवकर येतात, थोडक्यात सुटतात.
डेल्बर्टची डार्लीन सहा वर्षांपूर्वी गेली.
त्याचा डाग पहिल्यांदा पाहिला
हाताखालच्या पोराने, फाटक्या शर्टातून,
शिडीच्या खालच्या पायरीवरून.
आपली म्हणायची पाठ,
पण आपल्यालाच दिसत नाही.
आणि पाठीवर मारलं तर चालतं, पोटावर नको, म्हणतात ना,
इथे पाठीवरून सुरू होतं
आणि थेट पोटाशी येऊन थांबतं.

आता तो दर महिन्याला येतो.
वीस डॉलर, रोख, दुमडलेले.
एक हात नीट वर होत नाही,
म्हणून डाव्याने मोजतो.
काल मोजता मोजता म्हणाला,
"आणि तुझी पाठ कोण बघतं?"

मी म्हणाले, पावती देते, थांबा जरा,
प्रिंटर अडकलाय.